आठ मिनारांचा रुपया

गोरेगाव,
आषाढातला पहिला सोमवार, सन १९३८

दादा,

दोन राती झाल्या, माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. लेकरू झोपलंय, सासूबाई घोरून राहिल्या, आन् मी भिंतीला पाठ लावून बसलेली. काहून? तर तुझ्या त्या डब्यापायी.

तू म्हणलास, "मंजुळे, माझी नोकरी फिरतीची, खोलीत आमी चार जण. तुझं घर पक्कं माळवदाचं. माझी नाणी-नोटा तुझ्यापाशी राहू दे." मी व्हय म्हणले. मला वाटलं, बिस्कुटाचा एक डबा तर हाय, त्यात काय जपायचं! पण शनिवारी चोरांनी हिरासिंगाच्या दुकानाची मागची भिंत फोडली. गुळाची ढेप आन् कंदील नेला. समदे हासून राहिले, चोराला चहा करायचा होता म्हणून. मला काय हासू येईना. आमचे हे बैलं घेऊन बाजार-बाजार हिंडतेत, घरात आमी दोघी बाया आन् एक तान्हं. चोर आला तर त्याला काय मी गूळ देऊ?

डबा आधी जवारीच्या कणगीत ठेवला, तर तिथं उंदीर. मंग चुलीमागं ठेवला, तर तापून राहिला. मंग पाळण्याखाली ठेवला, तर तुझ्या भाचीनं वढून काढला आन् त्यावर बसून ताशा वाजवला. उघडून बघितलं तर नोटांला वल्या गोधडीसारखा वास. म्हणून काल जरा ऊन पडलं तवा पापडासंग खाटेवर वाळू घातल्या, उडू नये म्हणून एकेक खडा ठेवला. सासूबाई म्हणल्या, "ह्याचे बी पापड तळायचे का गं?"

नाणी काळी पडलीत. चिंच लावून घासू का? लख्ख निघतील.

सासूबाई इचारून राहिल्या, संतराम लगीन कधी करणार. पुसेगावची पोर तू बघायला बी आला न्हाईस, त्याचा राग हाय त्यांच्या मनात.

तुझी,
मंजुळा

•

पूर्णा स्टेशन,
९ जुलै १९३८

चि. मंजुळास आशीर्वाद.

तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं. पापडाच्या ओळीला आलो आणि असा ओरडलो की आमच्या तारघरातला धर्मसिंग पळत बाहेर गेला. त्याला वाटलं, गाडी घसरली.

बाई गं, आधी खडे काढ. नोटांना ऊन दाखवायचं नाही, रंग उडतो. घडी घालायची नाही. जाड पुठ्ठ्यात सपाट ठेव, डब्याच्या तळाला कडूलिंबाचा वाळलेला पाला टाक, म्हणजे कसर लागणार नाही. पण पाला नोटांना चिकटू देऊ नको. डबा कोरड्या जागी, उंचावर, चुलीपासून लांब.

आणि चिंच? हात जोडतो. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, त्यांची कातडी आहे. तुझ्या सासूबाईंना कधी चिंच लावून घासलंस का? एकेक नाणं वेगळ्या फडक्यात गुंडाळ, एकमेकांवर घासू देऊ नको. धरायचं तर कडेनं धर, बोटाचा घाम लागतो.

एक रुपया मात्र सगळ्यांहून वेगळा, पांढऱ्या मलमलीत ठेव. त्यावर निजामाचा चारमिनार दोनदा उमटलाय, एकावर एक, जरासा सरकून. चाराचे आठ मिनार दिसतात बघ. एका म्हाताऱ्यानं तिकिटाच्या खिडकीत दिला होता. मास्तर म्हणाले खोटा आहे, परत कर. मी खिशातला रुपया गल्ल्यात टाकला आणि तो ठेवून घेतला. माझा जीव आहे त्याच्यात. बाकी सगळं चोरानं नेलं तरी चालेल, तो नको.

लग्नाचं विचारू नको. जी येईल ती पहिल्या दिवाळीला माझी नाणी घासून लख्ख करील. मला माहीत आहे.

तुझा दादा,
संतराम

•

गोरेगाव,
गुरुपौर्णिमा झाली त्याच्या दुसऱ्या दिशी

दादा,

आता झोप लागती. अशी जागा सापडली की कुणी हात लावायचं न्हाई. कोरडी, उंचावर, चुलीपासून लांब, समदं तू म्हणलास तसं. कुठं ते लिहीत न्हाई. पोस्टात कुणी वाचलं मंजी? चोरांला बी वाचता येत असंल.

नाणी फडक्यात बांधली. माझं हळदीचं जुनं लुगडं फाडलं त्यापायी. तुझा आठ मिनारांचा लाडका समद्यांच्या वर ठेवला, पांढऱ्या मलमलीत. नवरदेवच दिसतो. घासला न्हाई. हात लई शिवशिवले, पण न्हाई घासला.

मंजुळा

•

पूर्णा,
२० ऑगस्ट १९३८

चि. मंजुळा,

शाबास. जागा सांगू नको, पण पावसाळा आहे, मधून मधून उघडून बघत जा.

इकडची गंमत सांगतो. आमच्या तारघरात फोन बसला. एक नळी कानाला लावायची, एका भोंग्यात बोलायचं. हिंगोली स्टेशनातला बाबू शिंकला तर पूर्णेत ऐकू येतं. धर्मसिंग रोज सकाळी त्यात सगळ्या लाईनीची खुशाली विचारतो, काम असो नसो.

भाचीला पापा.

संतराम

•

गोरेगाव,
महालक्ष्म्या उठल्या त्याच्या तिसऱ्या दिशी

दादा,

आमी समदे खुशाल. महालक्ष्म्या लई छान झाल्या. मागच्या साली लेकरू झालं म्हणून सुयेर होतं, त्यामुळं मी ह्या घरात पहिल्यांदाच मांडलेल्या बघितल्या. सोळा भाज्या केल्या. पुरण मी वाटलं. सासूबाई म्हणल्या, "बरं वाटलंस," मंजी त्यांच्या तोंडून हे लईच झालं. लेकरानं एका महालक्ष्मीचा पदर वढला.

पाऊस बरा हाय. शेजारच्या शकुंतलाबाईची म्हैस व्याली. खरवस आला होता.

डबा बरा हाय. डब्याला काय होतंय?

दादा, एक इचारू? एखादं नाणं जर कुणाच्या हातात गेलं, मंजी समज गेलं, तर ते तसंच राहतं का कुणी वितळवून टाकतं? उगंच इचारून राहिले.

मंजुळा

•

पूर्णा,
१२ सप्टेंबर १९३८

मंजुळा,

तू दोन ओळी म्हशीवर लिहिल्यास. तू म्हशीवर कधी लिहीत नाहीस.

कोणतं नाणं गेलं? तो नाही ना? दुसरं कोणतंही असू दे. लगेच लिही.

संतराम

•

गोरेगाव,
त्याच आठवड्यातला बाजाराचा दिवस

दादा,

तोच.

रागावू नको. आधी ऐकून घे. डबा मी महालक्ष्म्यांच्या पेटीत ठेवला होता. मुखवटे ठेवतेत ती सागवानी पेटी, माळवदाखाली फळीवर असती. सोवळ्याची, साल-सालभर कुणी शिवत न्हाई. तूच सांग, ह्याहून चांगली जागा कोणती? मी ठरवलं होतं, सणाच्या आदल्या दिशी गुपचूप काढून घेईन. पण सासूबाईंनी चार दिस आधीच पेटी उतरवली, मुखवटे उजळायला. मी तवा नदीवर धुणं धूत होते. आले तर डबा ओट्यावर ठेवलेला. त्या मान खाली घालून मुखवटे घासत बसलेल्या. डबा उचलून नेला. वरची मलमल गेलेली मला कळलंच न्हाई. भ्यायले होते ना.

मंग जेवणाच्या दिशी कुमारिका म्हणून शकुंतलाबाईची भाची बसली, पारू. डोंगरकडा गावची हाय, लगनाजोगी, आत्याकडं सणाला आलेली. जेवण झालं, सासूबाईंनी तिच्या हातावर विडा ठेवला आन् वरून पांढऱ्या मलमलीची पुडी. मी आमटीचं पातेलं घेऊन उभी. दादा, पातेलं कसं पडलं न्हाई, देवीलाच माहीत.

म्हणलं, "सासूबाई, हे कुठलं?"

म्हणल्या, "देवीच्या पेटीतलं. मलमलीत वेगळं बांधून ठेवलेलं. कुमारिकेसाठीच असंल न्हवं?"

तूच म्हणला होतास वेगळा ठेव, मलमलीत ठेव. आन् महालक्ष्मीसमोर हातावर ठेवलेलं परत मागत न्हाईत. मागितलं तर देवी त्या घरात पुन्हा उभी राहत न्हाई. माझं लेकरू लहान हाय. मला भ्या वाटतंय.

बाकीची नाणी हायेत. तांब्याची म्हणून सासूबाईंनी शिवली न्हाईत. नोटा बी हायेत. पारू दुसऱ्या दिशी डोंगरकड्याला गेली.

पुन्हा झोप गेली बघ माझी. तू मला मार, पण बोलत जा.

मंजुळा

•

पूर्णा,
२२ सप्टेंबर १९३८

चि. मंजुळा,

मारत नाही. भिऊ नको, लेकराला काही होत नाही. दोन दिवस जेवलो नाही, तिसऱ्या दिवशी धर्मसिंगानं दाल-रोटी समोर ठेवून शिव्या दिल्या, तेव्हा जेवलो.

परत मागू नको. ते मलाही कळतं. पण एवढं बघ: ती पोरगी तो बाजारात नेईल, दुकानदार खोटा म्हणून फेकून देईल, मग बाप सोनाराला देईल आणि सोनार त्याची जोडवी करील. आठ मिनारांची जोडवी! डोंगरकड्याला कुणी जाणार असेल तर नुसतं विचारून ये म्हणावं, आहे की गेला.

संतराम

•

गोरेगाव,
दसऱ्याचं सोनं वाटलं त्याच्या दुसऱ्या दिशी

दादा,

हाय! रुपया हाय!

आमच्या गल्लीतली खतीजाबी बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडती. मी तिला समदं सांगितलं. ती दसऱ्याच्या बाजाराला डोंगरकड्याला गेली आन् मुद्दाम पारूच्या हातात बांगड्या भरायला बसली. आली ती टोपली खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

"अगे मंजुळा, क्या छोकरी है! मी म्हणले, बेटी, सुना है तुझ्याकडं एक खोटा रुपया हाय. मला दे, बदल्यात हिरव्या बांगड्या घे, दोन्ही हात भरून."

"मंग?"

"मंग काय! मेरेकू ऐसी बघितली. म्हणली, खोटा कसा? दुकानदार बी खोटाच म्हणला, मी त्यालाच इचारलं, चांदीचा आवाज तुमाला ऐकू येईना का? खोटा न्हाई चाची, छाप दोनदा पडलाय. छापणाराचा हात हालला असंल."

दादा, हे तिला कुणी सांगितलं न्हाई. तिचं तिनंच वळखलं.

खतीजाबी म्हणली, बघू तर दे. तर पारूनं एक लाकडी डबी आणली, त्यात तीच मलमल, आपल्या घडीची. रुपया कडेनं धरून दाखवला. खतीजाबीनं हात पुढं केला तर म्हणती, "बोट नका लावू चाची, तुमच्या हाताला तेल हाय." खतीजाबीला लई राग आला आन् लई आवडली बी.

तिनं इचारलं, "इतना काला, घासती क्यों नहीं?" तर म्हणली, "देवीच्या घरून जसा आला तसा ठेवायचा. घासला तर दुसराच होईल."

आता तरी झोप. मी बी झोपते.

मंजुळा

•

पूर्णा,
१४ ऑक्टोबर १९३८

चि. मंजुळा,

पत्र पाच वेळा वाचलं. "छापणाराचा हात हालला असंल," असंच म्हणाली का ती? का खतीजाबीनं जोडलं? मी मास्तरांना, धर्मसिंगाला, खोलीतल्या सगळ्यांना हेच सांगतोय, सगळे हसतात.

काही गोष्टी नाण्याच्या दृष्टीनं विचारतो, दुसरा अर्थ काढू नको. डबी सागाची आहे का आंब्याची? आंब्याच्या लाकडाला कीड लागते. डबी ती स्वतःजवळ ठेवते का बापाजवळ? तिला वाचता येतं का? म्हणजे नोटाही दाखवता आल्या असत्या. आणि तिचं अजून कुठं ठरलेलं नाही ना? कारण ठरलं तर नाणं दुसऱ्या गावी जाईल, एवढंच.

उद्यापासून बदली ड्यूटीवर आहे. रजेवर गेलेल्या बाबूंच्या जागी या स्टेशनावरून त्या स्टेशनावर. कुठं असेन ते माझं मलाच ठाऊक नाही. पत्र पूर्णेलाच टाक. मी नसलो तर धर्मसिंग उघडील, तसं त्याला सांगून ठेवलंय. लाईनीवर मी कुठं आहे ते फोनवर सापडतं.

संतराम

•

गोरेगाव,
तुळशीचं लगीन झालं त्याच्या दुसऱ्या दिशी, सकाळ

दादा,

घाईत लिहून राहिले. लेकरू मांडीवर हाय, अक्षर वाकडं येईल.

तुझे प्रश्न घेऊन खतीजाबी पुन्हा डोंगरकड्याला गेली होती, काल आली ती पळतच. पुसेगावचे लोक येत्या गुरुवारी पारूला बघायला येऊन राहिले. तुझी न बघितलेली पोर पुसेगावची, आन् आता पोरगा बी पुसेगावचाच. त्या गावाचं आपल्याशी काय वाकडं हाय? बुधवारी पारूच्या बापानं सोनाराला बोलावलंय. रुपयाला कडी डागून माळेत वोवायचा, म्हणजे बघायला बसंल तवा गळ्यात दिसंल. कडी, दादा! तापवून! आठ मिनारांवर!

पारू न्हाई म्हणली. बापाशी भांडली. बाप म्हणला, रुपया गळ्यात न्हाई घालायचा तर काय करायचा? तिनं खतीजाबीला बाजूला घेऊन इचारलं, "चाची, खरं सांगा. तुमी खोटा रुपया घ्यायला दोनदा काहून आलात? हा कुणाचा हाय?" खतीजाबीच्या पोटात काय राहतंय व्हय? समदं सांगितलं. तू, तुझा डबा, तिकिटाची खिडकी, पापड, समदं. पारू पापडाला लई हासली म्हणे. मंग डबी मुठीत धरली. म्हणली, "त्यांला निरोप द्या. कडी घालू का नको, त्यांनीच येऊन सांगावं. बुधवारपर्यंत मी धरून ठेवते. त्याच्या पुढं माझं काही चालायचं न्हाई."

डबी सागाची हाय. स्वतःजवळ ठेवती. वाचता येतं, माझ्याहून बरं. तू इचारलं होतंस ना, नाण्याच्या दृष्टीनं.

मी रडायला लागले. म्हणलं, आता सासूबाईला सांगावंच लागंल, की त्यांनी देवीसमोर दिला तो माझ्या भावाचा होता. पाय धरले त्यांचे. तर त्या दळण थांबवून म्हणल्या, "मला ठाऊक हाय."

म्हणलं, "कवापासून?"

"आषाढापासून. तुला मनातल्या मनात वाचता येतं व्हय? एकेक अक्षर मोठ्यानं लावून वाचतीस. मी जात्याशी बसून समदी पत्रं ऐकली. मला चिंच लावून घासायची बी ऐकली."

दादा, मला धरणी पोटात घेईना.

म्हणलं, "मंग तरी दिला?"

म्हणल्या, "म्हणून तर दिला. तुझ्या भावाला पोरी दाखवून माझे पाय झिजले. येतच न्हाई कुठं. म्हणलं, त्याचा जीव जिथं ठेवीन तिथं तरी येईल. आन् पोर मी बघून ठेवली होती. पुडी हातावर ठेवली तर घडी तशीच ठेवली तिनं, उकलली न्हाई. आता रडू नको. लिही. आत्ताच्या आत्ता लिही. महालक्ष्मीनं हातावर ठेवलंय ते परत मागायचं न्हाई, ते मी बी जाणते. पण पोरीसकट घरात येत असंल तर कोण न्हाई म्हणतंय?"

आमचे हे काल बाजारावरून आलेत. डोंगरकड्याला जाऊन पारूच्या बापाशी बोलायला तयार हायेत, पण नवरदेवाबिगर काय बोलणार? बाप म्हणंल, पोरगा कुठं हाय? आमी काय सांगू, लाईनीवर हाय?

डब्यात त्या रुपयाची जागा मी रिकामी ठेवलीय. बाकीची नाणी दाटीनं बसली तरी तिथं कुणाला सरकू दिलं न्हाई. आता डबा माझ्या उशाशी हाय, नोटा पुठ्ठ्यात सपाट, लिंबाचा पाला ताजा वाळवून घातला. एकही नाणं घासलं न्हाई. पण तो एकटा तिकडं हाय आन् बुधवारी सोनार भाता घेऊन येणार. मला रातभर तो भाताच ऐकू येतो. रुपयाला कडी पडली की तो रुपया गेला, आन् पारू पुसेगावला गेली की ती बी गेली. माझा भाऊ तसाच राहील, चार जणांच्या खोलीत.

हे पत्र हिंगोलीला जाणाऱ्या मोटारीत देऊन राहिले, म्हणजे उद्या गाडीनं पूर्णेला पोचंल. दादा तिथं न्हाई, मला ठाऊक हाय. म्हणून आता दादाला न्हाई, जो कोणी हे वाचून राहिला त्याला सांगते. धर्मसिंगभाऊ असंल, मास्तर असतील, नळीजवळ बसणारा दुसरा कुणी असंल. मी तुमची बहीण समजा. मला शहाणपणाचं लिहिता येत न्हाई. तुमच्याकडं ती कानाला लावायची नळी हाय. माझा भाऊ संतराम कोणत्या स्टेशनावर हाय ते हुडका. तो तिकिटं फाडत असंल तर फाडू देऊ नका. त्याला सांगा, बुधवारच्या आत डोंगरकड्याला ये, चिंच न लावणारी सापडली. बाबा रे, पाया पडते, पत्र खाली ठेवायच्या आधी माझ्या भावाला फोन करा.